पटावरचे दाणे आणि वीस अंकी संख्या

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये एक गंमत झाली, वेगवेगळ्या गावांहून आलेली तीन पत्रं एकाच संख्येभोवती फिरतायत आणि लिहिणाऱ्यांना ते माहीतही नाहीये. म्हणून ती सलग घेतेय. चौथं पत्र डोंबिवलीचं, ते शेवटी घेतलंय, का ते तिथे पोचल्यावर कळेलच.

प्रश्न : ताई, माझी मुलगी आठवीत आहे. त्यांच्या सरांनी बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सांगितली, पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्ट घरं भरायची, आणि एकूण दाणे फळ्यावर लिहिले : १८४४६७४४०७३७०९५५१६१५. आता ही पोरगी चार दिवस त्याचे अवयव काढत बसलीये. ३ नं भाग जातो, ५ नं जातो, ७, ११, १३ नं जात नाही, पुढे अडली. कॅल्क्युलेटर पूर्ण आकडाच दाखवत नाही. हे हातानं होण्यासारखं आहे का? आणि एवढी संख्या वाचायची तरी कशी? (एक आई, नांदेड)

उत्तर : आधी तुमच्या लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या, चार दिवस एका संख्येला चिकटून राहणं सोपं नाही आणि तिनं आतापर्यंत काढलेलं सगळं बरोबर आहे.

वाचायचं आधी बघू. आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम दिले तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (साल ११५०) एक, दश, शत, सहस्र पासून सुरू होऊन अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध अशी अठरा स्थानांची नावं दिलीयेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं, आणि आपली संख्या वीस अंकी, म्हणजे शेवटचं नाव संपलं तरी ती दोन घरं पुढेच जाते. तर वाचताना सरळ ‘एकशे चौऱ्याऐंशी परार्धांच्या वर’ म्हणायचं. गव्हाचे हजार दाणे साधारण ४० ग्रॅम भरतात असं धरलं तर हे सगळे दाणे मिळून ७३ हजार कोटी टनांच्या पुढे जातात, आणि आज अख्ख्या जगात वर्षाला गहू पिकतो तो साधारण ८० कोटी टन. म्हणजे नऊशे वर्षांचं जगाचं पीक त्या पटावर ओतावं लागेल.

आता अवयव. इथे लेकीला एकच गोष्ट सांगा, संख्येचे अंक बघत बसू नकोस, ती संख्या बनली कशी ते बघ. दाण्यांची बेरीज म्हणजे १ + २ + ४ + ८ असं चौसष्ट घरांपर्यंत, आणि अशी बेरीज नेहमी पुढच्या घराच्या दाण्यांपेक्षा एकनं कमी भरते (१ + २ + ४ म्हणजे ७, पुढचं घर ८, करून बघा). म्हणजे आपली संख्या आहे २ चा ६४ वा घात, वजा १.

हा घात काढायला चौसष्ट वेळा दुप्पट करायची पण गरज नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी अल बिरूनी या मध्य आशियातल्या विद्वानानं हीच पटाची संख्या वर्ग करत करत काढून दाखवली होती. २ चा वर्ग ४, त्याचा १६, त्याचा २५६, त्याचा ६५५३६, त्याचा ४२९४९६७२९६, आणि त्याचा वर्ग केला की थेट २ चा ६४ वा घात. सहा वर्ग, संपलं. शेवटचा गुणाकार मोठा आहे पण वहीच्या एका पानात बसतो, तिला जरूर करू द्या, कॅल्क्युलेटर जिथे हात टेकतो तिथे पेन्सिल पुढे जाते हे या वयात स्वतःच्या हातानं बघायला मिळायला हवं.

आणि आता आठवीतलं सूत्र, अ वर्ग वजा ब वर्ग बरोबर (अ + ब)(अ − ब). आपल्याकडे एका वर्गातून १ वजा केलाय आणि १ हा स्वतःच वर्ग आहे, म्हणजे संख्या फुटली : ४२९४९६७२९७ गुणिले ४२९४९६७२९५. यातली दुसरी परत वर्ग वजा १ आहे, ती फुटते ६५५३७ गुणिले ६५५३५, तिथली दुसरी परत फुटते २५७ गुणिले २५५, मग १७ गुणिले १५, मग ५ गुणिले ३. काही अंदाज नाही, काही भाग देऊन बघणं नाही, जिना उतरावा तसं खाली यायचं. म्हणजे पटावरची संख्या =

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

बघा, वर जे वर्ग लिहिले तेच एक मिळवून परत आले! ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पाचही मूळ संख्या आहेत. शेवटची तशी दिसते पण नाहीये, ती पण फुटते, ६४१ × ६७००४१७, आणि ते कसं याची मोठी गोष्ट पुढच्याच पत्रात येतेय. तर एकूण सात मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. विभाजक किती हे मग लगेच निघतं, प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, दोन पर्याय सात वेळा, म्हणजे १२८ विभाजक (१ आणि ती स्वतः धरून). अंकांची बेरीज ८७ येते म्हणून ३ नं भाग जातो पण ९ नं जात नाही, हेही यादीशी जुळतं, ३ एकदाच आहे.

७, ११, १३ का जात नाहीत हा प्रश्न तिनं विचारला नसला तरी मला तो सगळ्यात आवडतो. २ चे घात ओळीनं लिहा आणि प्रत्येकाला ७ नं भागून बाकी बघा : २, ४, १, २, ४, १, दर तीन पायऱ्यांनी बाकी १ वर परत येते. घातातून १ वजा केल्यावर ७ नं भाग जायचा तर त्या घाताची बाकी १ हवी, म्हणजे ६४ ला ३ नं निःशेष भाग जायला हवा, तो जात नाही. ११ ला हे चक्र दहाचं असतं, १३ ला बाराचं, ६४ ला त्यांनीही भाग जात नाही. ६४ ला भाग फक्त २, ४, ८, १६, ३२, ६४ यांनी जातो (आणि १ नं), म्हणून ज्या मूळ संख्येचं चक्र नेमकं यातलं आहे तीच आत शिरू शकते. ३ चं चक्र २ चं, ५ चं ४ चं, १७ चं ८ चं, २५७ चं १६ चं, ६५५३७ चं ३२ चं, आणि उरलेल्या दोघांचं ६४ चं. ही चक्रं मुलीला स्वतः काढू द्या, १७ पर्यंत तरी सहज होतात.

एक अजून सांगितल्याशिवाय राहवत नाही. १७९६ मध्ये गाऊस नावाच्या अठरा वर्षांच्या मुलानं दाखवलं की नुसती पट्टी आणि कंपास घेऊन १७ बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो, दोन हजार वर्षं हे कोणाला सुचलं नव्हतं. विषम बाजूंचे असे काढता येणारे आज माहीत असलेले बहुभुज किती, तर ३१, आणि त्यांच्या बाजूंच्या संख्या म्हणजे वरच्या यादीतल्या पहिल्या पाच मूळ संख्यांचे सगळे वेगवेगळे गुणाकार. म्हणजे भूमितीतली ती अख्खी यादी आपल्या पटाच्या विभाजकांमध्येच आहे.

प्रश्न : ४२९४९६७२९७ ही संख्या मूळ आहे असं फर्मा म्हणाला आणि ऑयलरनं ती ६४१ नं फोडली असं वाचलं. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाल्यावर आता वेळ आहे, दोन प्रश्न पडलेत. फर्मासारखा माणूस चुकला कसा, आणि ऑयलरनं काय ६४१ पर्यंत सगळ्या संख्यांनी भागून बघितलं? (निवृत्त शिक्षक, मिरज)

उत्तर : सर, तुमचं पत्र आणि नांदेडचं पत्र एकाच दिवशी माझ्या टेबलावर होती आणि तुमची संख्या म्हणजे त्यांच्या संख्येचाच सर्वात मोठा तुकडा, काय आनंद झाला सांगू.

फर्मा या सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणितीचं म्हणणं असं होतं की २ चा वर्ग, त्याचा वर्ग असं करत प्रत्येक वेळी १ मिळवला तर मूळ संख्याच येते. ३, ५, १७, २५७, ६५५३७ इथपर्यंत ते खरं आहे. पुढची तुमची. १६४० च्या सुमाराच्या पत्रांत त्यानं हे मांडलं, पण आपल्याला याची पक्की सिद्धता सापडलेली नाही हेही त्यानं लिहिलं होतं, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण लोक नुसतं ‘फर्मा चुकला’ म्हणतात आणि तो प्रामाणिकपणा विसरतात. पाच उदाहरणं जुळली म्हणून सहावं जुळेलच असं नाही, हे तुम्ही वर्गात शेकडो वेळा सांगितलं असेल, त्याला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

ऑयलर या स्विस गणितीनं ६४१ जाहीर केला तो १७३२ मध्ये. आणि नाही, सगळ्यांनी भागून बघायची गरजच नाही, पुढे त्यानं त्याचं कारणही सिद्ध करून दिलं. वर जे चक्र सांगितलं तेच इथे कामी येतं. एखादी मूळ संख्या तुमच्या संख्येला भागत असेल तर २ च्या ३२ व्या घाताची बाकी तिथे ‘उणे १’ येणार (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडणार), म्हणजे ६४ व्या घाताची १, म्हणजे चक्र बरोब्बर ६४ चं. आणि फर्माचाच छोटा सिद्धांत सांगतो की चक्राची लांबी त्या मूळ संख्येपेक्षा एकनं कमी असलेल्या संख्येला भागते. म्हणजे भागणारी मूळ संख्या ६४ च्या पटीत १ मिळवून आलेलीच हवी! आता यादी करा, ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचवाच भागाकार, आणि भाग जातो. ज्या हत्यारानं फर्माचं म्हणणं मोडलं ते हत्यार फर्मानंच घडवलेलं होतं, तेच त्यानं या संख्येवर चालवलं असतं तर एका दुपारचं काम होतं.

भागाकार न करताही ६४१ तपासता येतो, हे तुम्हाला फार आवडेल म्हणून लिहिते. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा. पहिल्यावरून, ६४१ नं भागताना ५ × १२८ ची बाकी उणे १ धरता येते, दोन्हीकडे चौथा घात घ्या, ६२५ × (२ चा २८ वा घात) याची बाकी १. दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी उणे १६ चालतं. म्हणजे उणे १६ × (२ चा २८ वा घात), म्हणजेच उणे (२ चा ३२ वा घात), याची बाकी १. मग २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की बाकी शून्य. झालं! तीन ओळी.

उरला ६७००४१७. हा पुढे फुटतो का? त्याचं वर्गमूळ २५८८ च्या आसपास, तिथपर्यंत मूळ संख्यांनी भागून बघायचं म्हटलं तर पावणेचारशेच्या आसपास भागाकार होतील. पण एदुआर ल्युका या फ्रेंच गणितीनं १८७८ मध्ये ऑयलरची अट अजून घट्ट केली, भागणारी संख्या ६४ च्या नाही तर १२८ च्या पटीत १ अशी हवी. मग २५८८ पर्यंत मूळ उरतात फक्त २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. पाच भागाकार, बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२. एकही शून्य नाही, म्हणजे ६७००४१७ मूळ. सर, हे भागाकार वहीत मांडून बघाच, मी मांडले तेव्हा अर्धा तास लागला आणि नंतर कितीतरी वेळ ते पान नुसतं बघत बसले होते.

हाच तो ल्युका ज्यानं १८८३ मध्ये तीन खांब आणि चकत्यांचं कोडं (टॉवर ऑफ हनोई) बाजारात आणलं, काशीच्या मंदिरात पुजारी चौसष्ट सोन्याच्या चकत्या हलवतायत ही गोष्ट त्या कोड्याबरोबर आली. त्या चौसष्ट चकत्या हलवायला लागणाऱ्या खेळ्या किती? १८४४६७४४०७३७०९५५१६१५, तीच आपली पटाची संख्या. सेकंदाला एक खेळी धरली तर ५८ हजार कोटी वर्षांच्या वर.

आणि फर्माच्या यादीतली ४२९४९६७२९७ च्या पुढची संख्या म्हणजे पटाच्या संख्येत २ मिळवा, १८४४६७४४०७३७०९५५१६१७. ती पण मूळ नाही, २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. हे अवयव १८८० मध्ये लांद्री नावाच्या गणितीनं प्रसिद्ध केले तेव्हा त्याचं वय होतं ८२. ६५५३७ नंतर फर्माच्या यादीतली एकही मूळ संख्या आजपर्यंत कोणालाच सापडलेली नाही, आणि ती नाहीच असंही कोणी सिद्ध केलेलं नाही.

प्रश्न : मी बारावीत आहे, कोडिंग शिकतोय. ६४ बिटच्या अनसाइन्ड इंटिजरची सगळ्यात मोठी व्हॅल्यू १८४४६७४४०७३७०९५५१६१५ येते आणि त्यात १ मिळवला की ० येतो. हाच आकडा बुद्धिबळाच्या गोष्टीत पण पाहिला. योगायोग आहे का? (विद्यार्थी, इचलकरंजी)

उत्तर : अजिबात नाही रे, दोन्ही एकच चित्र आहे. ६४ बिट म्हणजे ओळीत ६४ घरं, प्रत्येक घराची किंमत शेजारच्याच्या दुप्पट, प्रत्येकात ० किंवा १. सगळीकडे १ भरले की सगळ्यात मोठी संख्या, म्हणजेच सगळ्या घरांत दाणे भरलेला पट. त्यात १ मिळवलास की हातचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, सगळे शून्य होतात आणि शेवटच्या हातच्याला पासष्टावं घरच नसतं, म्हणून ० दिसतो.

वर नांदेडच्या पत्रात जे अवयव पाडलेत ते तू बायनरीत लिहून बघ, एकदम डोळ्यांना दिसतील. चौसष्ट एक ओळीत आहेत, ते मधोमध कापले की बत्तीस आणि बत्तीस असे दोन सारखे गट, म्हणजे ‘बत्तीस एक’ ही संख्या गुणिले (२ चा ३२ वा घात + १). मग बत्तीसचे सोळा सोळा, तसंच खाली. आणि त्या यादीतला ६५५३७ तर तू रोज वापरतोस, बँकेची किंवा कुठलीही सुरक्षित साइट उघडताना माहिती गुप्त ठेवायच्या आरएसए पद्धतीच्या ज्या सार्वजनिक किल्ल्या असतात त्यांत घातांक म्हणून बहुतेक वेळा हीच संख्या असते, कारण ती मूळ आहे आणि बायनरीत तिच्यात फक्त दोनच एक आहेत, त्यामुळे घात काढायला सोळा वर्ग आणि एक गुणाकार पुरतो. अल बिरूनीचीच युक्ती.

प्रश्न : १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येचं आमच्या डोंबिवलीशी नातं आहे असं वडील सांगायचे. खरं का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : खरं आहे, आणि वडिलांनी ते लक्षात ठेवलं याचं मला फार बरं वाटलं. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५ ते १९८६), ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे ज्यांचं नाव जगभर गेलं, त्यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. त्यांना ही कल्पना सुचली ती जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या डेम्लो स्टेशनवर, आणि डेम्लो म्हणजेच आजची तुमची डोंबिवली. अंक एकेकानं चढत ९ पर्यंत जातात आणि तसेच उतरतात, आणि संख्या असते १११११११११ चा वर्ग, म्हणजे नऊ एक गुणिले नऊ एक.

ही फोडायची कशी? इचलकरंजीच्या मुलाला सांगितलं तसंच, एकांचे गट पाडा. नऊ एक म्हणजे तीन तीनचे तीन गट, १११ × १००१००१. १११ म्हणजे ३ × ३७. १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७, आणि ३३३६६७ मूळ आहे. म्हणजे नऊ एकांची संख्या ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि तुमच्या डेम्लो संख्येत यातला प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो, ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. अंकांची बेरीज ८१, तीही ९ चा वर्ग.

दहा एक घेऊन वर्ग केलात तर मात्र १२३४५६७९००९८७६५४३२१ येतं, मधोमध घडी मोडते, कारण मधल्या घरात १० दाणे जमतात आणि हातचा सरकतो. वडिलांची आठवण म्हणून हा गुणाकार एकदा हातानं मांडून बघा, हातचा नेमका कुठे सरकतो ते त्या उभ्या रांगेत स्पष्ट दिसतं.